तारे न काढता आकाश: गॅलेन-काल्लेला आणि तुमचे कॅनव्हास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बरीच वर्षं पोर्ट्रेट, पुस्तकांची मुखपृष्ठं, गणपतीच्या सजावटीचे पडदे अशी मिळतील ती कामं केलीत आणि आता ब्रह्मांडावर अमूर्त चित्रं करायची आहेत. फिनलंडच्या अक्सेली गॅलेन-काल्लेलाची ‘अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा’ आणि ‘लेक केइतेले’ ही चित्रं पाहिलीत, त्यानं आयुष्यभर किती प्रकार हाताळले ते वाचलंत आणि जरा धीर आला. पण तुमचे स्वतःचे कॅनव्हास दुर्बिणीतल्या फोटोंच्या पोस्टरसारखे दिसतात. तर त्याच्याकडून घेण्यासारखं काय आहे, सगळीकडे हात घातल्यानं चित्रकाराचं नुकसान होतं का, आणि जुनी-नवी कामं एकाच प्रदर्शनात लावावीत का?

तुम्ही पाठवलेले तिन्ही फोटो नीट पाहिले. हात तयार आहे, यात शंका नाही. माझ्या मते तुमची अडचण पृष्ठभागाची आहे. विषय ब्रह्मांडाऐवजी पेरू असता तरी ती तशीच राहिली असती, फक्त पेरूत ती लपली असती. पुढे जे सांगते आहे त्यातलं बरंच तुम्ही तैलरंगात काम करता की अ‍ॅक्रिलिकमध्ये, आठवड्याला किती वेळ मिळतो आणि ही चित्रं लगेच विकली जाणं गरजेचं आहे का, यावर अवलंबून आहे. मी अमूर्त चित्रं करते आणि शिकवते, मुख्यतः तैलरंगात. तेव्हा माझा कल त्या बाजूला असणार हे धरून चाला.

आधी एक गोष्ट साफ करू. गॅलेन-काल्लेला अमूर्त चित्रकार नव्हता. १८६५ साली पोरी या गावी जन्मलेला हा माणूस, मूळ नाव अक्सेल वाल्डेमार गॅलेन. हेलसिंकीत शिकला, १८८४ मध्ये पॅरिसला अकादमी ज्युलियाँमध्ये दाखल झाला आणि तिथे त्या काळचा कडक वास्तववाद शिकला: शेतकरी बाया, म्हातारी आणि मांजर, धुरकट झोपड्या. मग लग्नानंतर पत्नी मेरीसोबत कारेलियाच्या जंगलात गेला आणि फिनिश लोककाव्य ‘कालेवाला’ त्याच्या डोक्यात जे शिरलं ते मरेपर्यंत निघालं नाही. त्याचं ‘आयनो’चं तीन भागांचं चित्र १८९१चं, ‘साम्पोची घडण’ (साम्पो म्हणजे त्या काव्यातलं जादूचं जातं) १८९३चं. रुओवेसीला जंगलात ओंडक्यांचा स्टुडिओ बांधला. १८९५ मध्ये बर्लिनला नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंकसोबत प्रदर्शन चालू असताना मुलगी मार्यात्ता घटसर्पानं गेल्याची तार आली. त्यानंतर त्याची रेषा बदलली. कडा कठीण झाल्या, छाया-प्रकाशाची गोलाई गेली, सपाट रंगांचे तुकडे आले. त्याच सुमारास तो लाकडावर कोरून छापायला लागला. ही दोन कामं एकमेकांपासून वेगळी काढता येतील असं मला वाटत नाही. लाकूड कोरताना राखाडी छटा फुकट मिळत नाही. एक तर रेघ ठेवायची, नाही तर खणून काढायची. ‘साम्पोचं रक्षण’ (१८९६) आणि ‘लेमिंकाइनेनची आई’ (१८९७) पाहा. ही चित्रं टेम्परात, म्हणजे अंड्यासारख्या चिकट माध्यमात कालवलेल्या रंगांत आहेत, पण त्यांचा विचार कोरणाऱ्या माणसाचा आहे.

पुढे इटलीत जाऊन भित्तिचित्राचं, म्हणजे ओल्या चुन्यावरच्या फ्रेस्कोचं तंत्र शिकला. १९००च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात फिनलंडच्या दालनाच्या घुमटावर त्यानं फ्रेस्को केले. देश तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली. त्यामुळे सापांचं शेत नांगरणाऱ्या इल्मारिनेनच्या, म्हणजे कालेवालातल्या लोहाराच्या, चित्रात एका सापाच्या डोक्यावर रोमानोव्ह घराण्याचा मुकुट काढून ठेवला! त्याच दालनासाठी ‘लिएक्की’, म्हणजे ज्वाळा, नावाच्या विणलेल्या गालिच्याचं डिझाइन केलं. त्याबद्दल पुढे बोलू. मग पोरीच्या युसेलियस समाधीतले फ्रेस्को, १९०९ ते १९११ केनियात कुटुंबासह मुक्काम आणि दीडशेच्या आसपास चित्रं, फिनलंडमधल्या १९१८च्या यादवीनंतर सेनापती मानरहाइमच्या सांगण्यावरून गणवेश आणि मानचिन्हांची रेखाटनं, १९२३ पासून तीनेक वर्षं अमेरिका, शिकागो आणि न्यू मेक्सिकोतलं ताओस. परत येऊन १९२८ मध्ये हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या छतावर पॅरिसच्या जुन्या विषयांचे फ्रेस्को पुन्हा केले, कारण पॅरिसचं दालन प्रदर्शन संपल्यावर पाडून टाकलं होतं. १९३१ मध्ये कोपनहेगनहून व्याख्यान देऊन परतताना स्टॉकहोममध्ये न्यूमोनियानं गेला.

एवढी यादी वाचून कुणालाही वाटेल की हा माणूस उडाणटप्पू होता. तुम्हालाही स्वतःबद्दल तसंच वाटतंय, म्हणून तर विचारलंत. मला या यादीत एकच धागा सतत दिसतो: खोली हवी आहे, पण भिंत फोडायची नाही. फ्रेस्को असो, गालिचा असो की लाकडी ठसा, तिन्हीत सपाट पृष्ठभाग सपाटच राहतो आणि तरीही त्यात अवकाश भरावा लागतो. त्यानं हा एक प्रश्न वेगवेगळ्या सामानात सोडवून पाहिला.

आता ‘अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा’. ‘ताऱ्यांकडे’ असं नाव असल्यामुळे ब्रह्मांड म्हटलं की सगळे आधी याच चित्राकडे जातात. १८९४ची पहिली आवृत्ती, १९०७ची दुसरी. एक नग्न मुलगी हात वर करून उभी, तळहातांवर ख्रिस्ताच्या जखमा, लालभडक केस चहूकडे पसरलेले आणि मागे मोठं चंद्रबिंब. सुंदर आहे. पण माझं मत विचाराल तर हे ब्रह्मांडाचं चित्र नाही, आत्म्याचं पोस्टर आहे. चंद्र तिथे तेजोवलयाचं काम करतो, तारे अर्थ सांगायला आणले आहेत. प्रतीक आलं की नजर थांबते, कारण तिला उत्तर मिळालेलं असतं. १९०१च्या ‘युद्धाला निघालेला कुल्लेर्वो’मध्येही आकाशात तारे आहेत, पण तिथे घोडा, शिंग फुंकणारा स्वार आणि बर्फ यांच्यामुळे तारे आपोआप रात्रीचे होतात, अर्थाचे राहत नाहीत. तुलना करून पाहा.

आणि मग १९०५चं ‘लेक केइतेले’. आजारातून सावरत असताना या तळ्याकाठी राहून त्यानं याच दृश्याच्या चार आवृत्त्या केल्या. त्यातली एक १९९९ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीनं विकत घेतली. आकार फक्त ५३ बाय ६६ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या मुखपृष्ठाच्या मूळ चित्रापेक्षा फार मोठं नाही. वर एक झाडीचं बेट, त्याच्यामागे ढगांची पट्टी. बाकी जवळजवळ सगळं चित्र पाणी. वाऱ्यामुळे पाण्यावर रुपेरी-राखाडी पट्टे उठले आहेत, काही आडवे आणि काही नागमोडी तिरके, ढगांची प्रतिबिंबं उभी कापत जाणारे. फिनलंडमध्ये या पट्ट्यांचा संबंध कालेवालातल्या म्हाताऱ्या व्हाइनामोइनेनच्या नावेमागे राहिलेल्या रेघांशी जोडतात. चित्र मोबाइलवर उलटं करून बघा. बेट खाली गेलं की पाणी राहत नाही. प्रकाशाचे थर उरतात, एकमेकांवरून घसरणारे, आणि जवळचं कोणतं, लांबचं कोणतं हे ठरवायला डोळ्याला काही आधार सापडत नाही. पट्टे खाली रुंद, वर अरुंद होत जातात, एवढीच काय ती खोलीची सूचना. तुम्हाला हवा असलेला अवकाश इथे आहे, आणि त्यात एकही तारा नाही.

तुम्ही ब्रह्मांड करायला निघालाच आहात तर कालेवालातली उत्पत्तीची गोष्टही माहीत असू द्या, कारण गॅलेन-काल्लेला त्याच काव्यावर वाढला. हवेची कन्या इल्मातार पाण्यात तरंगत असते, एक बदक तिच्या गुडघ्यावर सहा सोन्याची आणि एक लोखंडाचं अंडं घालतं, ती फुटतात. खालच्या कवचाची पृथ्वी, वरच्याचं आकाश, बलकाचा सूर्य, पांढऱ्याचा चंद्र, ठिपक्यांचे तारे. आपल्याला हिरण्यगर्भ आठवतोच. पण चित्रकाराच्या कामाची ओळ मला दुसरीच वाटते. लोहार इल्मारिनेननं आकाशाचा घुमट ठोकून घडवला आणि त्यावर हातोड्याचा वण नाही, चिमट्याची खूण नाही, असं त्या काव्यात येतं. हे वर्णन वाचून मी ठरवलं की मला नेमकं याच्या उलट करायचं आहे. आकाश घडवलं गेलंय हे कळायला हवं, म्हणून हातोड्याचे वण ठेवायचे. तुमचं वेगळं ठरू शकेल. पण ठरवायला मात्र हवं.

अमूर्ताशी त्याचा प्रत्यक्ष दुवा एक आहे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला म्युनिकमध्ये, पुढे अमूर्त चित्रांसाठी गाजलेल्या रशियन चित्रकार कांडिन्स्कीच्या ‘फालांक्स’ या कलाकारांच्या गटानं गॅलेन-काल्लेलाची चित्रं मांडली होती. कांडिन्स्की तेव्हा स्वतः अजून घोडेस्वार आणि जुनी रशियन गावं काढत होता. यावरून गॅलेन-काल्लेला अमूर्ताचा बाप वगैरे ठरवू नका, असले दावे कलेच्या पुस्तकांत फार सहज केले जातात. खुद्द फिनलंडमध्ये अमूर्त चित्रकला खऱ्या अर्थानं रुजली ती १९५०च्या दशकात, आणि तीही जंगल-तळ्यातून नाही. बिर्गर कार्लस्टेट, लार्स-गुन्नार नोर्डस्ट्रोम, सॅम वान्नी ही मंडळी भूमिती, रंगसिद्धान्त आणि संगीतातून आली. वान्नीचा मार्ग तुम्ही मुद्दाम बघा. १९०८ मध्ये व्हीबोर्गला जन्म. आधी पोर्ट्रेट आणि घरातली निवांत दृश्यं, रंगांवर प्रेम करणारा माणूस. १९४० मध्ये त्यानं मूमिनच्या गोष्टी लिहिणाऱ्या तोवे यान्सनचं पोर्ट्रेट केलं. अमूर्ताकडे वळला तो चाळिशीनंतर. हेलसिंकीच्या कामगार शिक्षण संस्थेच्या भिंतीसाठीची स्पर्धा जिंकून १९६० मध्ये ‘कॉन्ट्रापुंक्टुस’ पूर्ण केलं, तेव्हा पन्नाशी उलटली होती. पोर्ट्रेट करून झालेला माणूस उशिरा अमूर्ताकडे वळू शकतो का, या तुमच्या न विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर समजा.

आता तुमचे कॅनव्हास. तिन्हींत पद्धत एकच दिसते: काळ्या अ‍ॅक्रिलिकचा खालचा थर, त्यावर स्पंजनं जांभळा-गुलाबी ढग, मधोमध उजेड आणि वरून टूथब्रशनं उडवलेले पांढरे ठिपके. माझ्या वर्गात दर वर्षी निदान एकजण हेच घेऊन येतो, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. पोस्टर वाटण्याची कारणं मला तीन दिसतात.

पहिलं, तो रंग तुमचा नाही. दुर्बिणींचे जे प्रसिद्ध फोटो आपण पाहतो, उदाहरणार्थ हबलनं १९९५ मध्ये टिपलेले गरुड तेजोमेघाचे खांब, त्यात गंधकाचा प्रकाश लाल, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा अशी वाटणी शास्त्रज्ञांनी माहिती वाचता यावी म्हणून केलेली आहे. त्यांच्या कामासाठी ती अगदी योग्य. तुम्ही मात्र दुसऱ्या कुणीतरी वेगळ्या कारणासाठी घेतलेला रंगाचा निर्णय उचलताय, आणि बघणाऱ्यानं तोच फोटो आधी शंभरदा पाहिलेला असतो.

दुसरं, ठिपके. टूथब्रशचे सगळे ठिपके एकाच पांढऱ्या रंगाचे, एकाच धारदार कडेचे आणि एकाच पातळीवर बसलेले असतात. सगळेच पृष्ठभागावर, म्हणजे मागे कुणीच नाही. खोली मरते ती इथे.

तिसरं कारण तो काळा थर. ट्यूबमधला काळा सपाट लावला की तो अवकाश वाटत नाही, बंद दार वाटतं.

मी काय करते ते सांगते. तुम्हाला जसंच्या तसं जमेल असं नाही. ट्यूबमधला काळा बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर मिसळून गडद रंग बनवा. प्रमाण थोडं हलवलं की तो थंड किंवा उबदार होतो, आणि अंधारात हवा खेळायला लागते. त्यात पांढरा मिसळून पाच राखाडी छटा बनवा, काचेवर ओळीनं मांडा आणि पहिली काही चित्रं फक्त या पाचांत करा. रंग नाही, ठिपके नाहीत. ‘लेक केइतेले’चे पट्टे हाच आराखडा घ्या: आडवे पट्टे, त्यांना छेदणारी एकच तिरकी नागमोड. बेट, ढग, क्षितिज काढून टाका. पट्ट्यांच्या रुंदीवर सगळा वेळ घालवा. रुंदी समान झाली की परकराचं कापड होतं. फार बदलली की पुन्हा समुद्र दिसायला लागतो. यांच्या मधली जागा हातानंच सापडते.

उजेड लावू नका, काढा. तैलरंग असेल तर खाली फिकट थर पूर्ण वाळू द्या, वर गडद पातळ थर द्या, आणि तो ओला असतानाच पॅलेट नाइफच्या कडेनं किंवा जुन्या कापडानं उचला. खालचा उजेड वर येतो, आणि तो मागून येतोय असं दिसतं, कारण तो खरंच मागे आहे. कुठे पूर्ण खरवडा, कुठे नुसतं पुसा. कडा आपोआप वेगवेगळ्या होतात. वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफनं रंग लावायचे आणि उचलायचे, तेही पाहून घ्या. जे. जे.मधून १९४८ मध्ये बाहेर पडलेला हा चित्रकार, त्यांच्या चित्रांना कुणी ब्रह्मांड म्हणो न म्हणो, अवकाश म्हणजे काय ते त्यांच्या कॅनव्हासपुढे उभं राहिल्यावर कळतं. छापील प्रतीत ते कळत नाही, त्यामुळे मुंबई-दिल्लीत संधी मिळाली तर मूळ काम बघा.

थरांचा नियम मोडू नका: खालचा थर पातळ, वरचा तेलकट. उलटं केलंत तर वर्ष-दोन वर्षांत भेगा पडतात. पावसाळ्यात आपल्याकडे तैलरंग वाळायला फार वेळ घेतो, तेव्हा दोन-तीन कॅनव्हास एकदम चालू ठेवा म्हणजे ओल्या थरावर घाईनं हात पडणार नाही. अ‍ॅक्रिलिकवरच राहायचं असेल तर रिटार्डर, म्हणजे रंग वाळणं लांबवणारं द्रव्य, मिसळा, नाही तर उचलायला वेळच मिळत नाही. ओलाव्याची गंमत म्हणजे गॅलेन-काल्लेलाचे युसेलियस समाधीतले फ्रेस्को दमटपणानं बिघडले. त्याचा मुलगा योर्मा यानं वडिलांच्या मागे १९३०च्या दशकात ते पुन्हा रंगवले. मोठ्या माणसाच्या कामालाही भिंत दाद देत नाही.

रंग कधी आणायचा? पाच राखाड्यांत चित्र उभं राहिलं की. तेव्हा एकच रंग आणा आणि तो कुठून घेतला हे स्वतःला सांगता आलं पाहिजे. इथे ‘लिएक्की’ गालिचा कामाला येतो. ज्वाळा या एका गोष्टीचा त्यानं विणकामाच्या चौकटीत बसेल असा आकार केला. विणताना गोलाई पायऱ्यापायऱ्यांनी जाते, म्हणून ज्वाळेचीही तशीच झाली. सामानानं आकार ठरवला. तुम्ही वर्षानुवर्षं गणपतीचे पडदे केलेत, म्हणजे मोठ्या कापडावर लांबून वाचता येईल असा रंग लावायची सवय तुमच्या हातात आहे. मुखपृष्ठांमुळे रिकामी जागा राखायची सवय आहे, कारण तिथे नाव बसवायचं असतं. दोन्ही गोष्टी अमूर्तात सोन्यासारख्या आहेत, आणि तुम्ही त्या लपवताय असं मला फोटो पाहून वाटलं. मधोमध उजेड ठेवायची सवय मात्र पोर्ट्रेटमधून आली आहे. चेहरा जिथे असतो तिथे तुम्ही तेजोमेघ ठेवताय. ती मोडा. उजेड कोपऱ्यात ढकला, किंवा कुठेच ठेवू नका.

म्हणून बहुविधतेबद्दल: नुकसान होतं, पण कधी? प्रत्येक कामात नवा हात वापरला आणि एकातलं दुसऱ्यात काही नेलं नाही तर. कमिशनची कामं बंद करायची गरज नाही. घर चालवायचं असेल तर मुळीच करू नका. फक्त दर पोर्ट्रेटमध्ये एक छोटी गोष्ट अमूर्ताच्या बाजूची करून बघा, मागची पार्श्वभूमी पाच राखाड्यांत वगैरे. गिऱ्हाइकाला कळतही नाही.

प्रदर्शनाचं मात्र माझं मत ठाम आहे. जुनी पोर्ट्रेट आणि नवी अमूर्तं एका भिंतीवर लावू नका. लोक चेहऱ्यांपाशी थांबतात, ओळखीचा माणूस शोधतात आणि अमूर्तासमोरून चालत निघून जातात. शिवाय तुम्हालाच सारखं समजवायला लागेल की हे पण मीच केलंय. राखाडी मालिका दहा-बारा चित्रांची झाली, त्यातली पाच-सहा स्वतःला पटली, की ती एकटी मांडा, लहान दालन चालेल. पोर्ट्रेटचा अल्बम टेबलावर ठेवा, कमिशन विचारायला येणारे तो आपणहून चाळतील. पुढच्या वेळी फोटो पाठवाल तेव्हा कॅनव्हासची बाजूची कडही दिसू द्या, थर किती जाड बसतोय ते तिथेच कळतं.